कम्युनिटी कॉलेजातून मार्केटिंगची डिग्री: पैसे आणि दोन वर्षं घालावीत का?

सायली_फ्रीमाँट | मंगळवार, रात्री ११:४२

नमस्कार. आठ-दहा वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ४१ वर्षांची. बीएमसीसीची बी.कॉम. (२००५). त्यानंतर पुण्यातच एका मसाल्याच्या कंपनीत सहा वर्षं विक्री विभागात होते. सांगली, कोल्हापूर, बेळगाव हा पट्टा माझ्याकडे होता. स्टॉकिस्ट सांभाळायचे, सेल्समनचे बीट (फिरायचे ठरलेले मार्ग) लावायचे, स्कीम काढायच्या, दिवाळीआधी डीलर मीट. २०१२ साली लग्न होऊन कॅलिफोर्नियात आले. एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा), म्हणजे काम करायला बंदी. एच-फोरवाल्यांपैकी काहींना ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, मिळायला लागलं २०१५ मध्ये, पण त्यासाठी लागणारं नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर व्हायला आणखी दोन वर्षं गेली आणि तोवर धाकटा पोटात. आता थोरली सातवीत, धाकटा तिसरीत, ईएडी हातात आणि मी रिकामी. (रिकामी हा शब्द माझा नाही, सासूबाईंचा.)

वर्षभरात 'मार्केटिंग कोऑर्डिनेटर', 'मार्केटिंग असिस्टंट' असल्या जागांना ३७ अर्ज केले. एक्सेलमध्ये नोंद ठेवते म्हणून आकडा माहीत. फोन आले दोन. त्यातल्या एका बाईंनी सुरुवातीलाच विचारलं, इथलं काही शिक्षण झालंय का? नाही म्हटल्यावर आवाजच बदलला त्यांचा.

म्हणून घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात मार्केटिंगची दोन वर्षांची असोसिएट डिग्री (बॅचलरच्या खालची पायरी) करावी असं मनात घोळतंय. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना युनिटला (एक विषय साधारण तीन युनिटांचा) ४६ डॉलर. ६० युनिट, म्हणजे २,७६०. वर हेल्थ फी, पार्किंग, पुस्तकं. नवरा म्हणतो, एवढ्यात तर डिस्नेलँडची एक ट्रिप होते, कर खुशाल. पण धाकट्याचं आफ्टरस्कूल महिन्याला ९०० धरलं तर गणित वेगळं होतं. आणि एकेक-दोनदोन विषय घेत गेले तर डिग्री हातात येईपर्यंत मी ४५ची.

कुणी केलंय का हे? या डिग्रीला नोकरीच्या बाजारात खरंच किंमत आहे का? स्पष्ट सांगा, वाईट वाटून घेणार नाही.


बेरकी_बोका

वाईट वाटून घेणार नाही म्हणालात म्हणून सांगतो. नका करू. हबस्पॉट अकॅडमीचे ऑनलाइन मार्केटिंगचे कोर्स फुकट आहेत, गुगल अ‍ॅड्स आणि अ‍ॅनालिटिक्सची सर्टिफिकेटं गुगलच्या स्किलशॉपवर फुकट आहेत. तीन महिने रात्री मुलं झोपल्यावर बसा, पाच बिल्ले लिंक्डइनवर लावा. मार्केटिंगला डिग्री लागत नाही, जीभ लागते. सहा वर्षं सांगलीच्या दुकानदारांना माल विकलाय म्हणजे ती तुमच्याकडे आहेच.


गुलबकावली

सायली, धागा छान. मीही याच होडीत आहे, फक्त टेक्ससमध्ये. वाचतेय.


एडिसनकर | बुधवार, सकाळी ७:१५

सायलीताई, माझा अनुभव मुलीचा आहे, तुमच्या वयाचा नाही, पण एक खड्डा दाखवून ठेवतो.

मुलीला बारावीनंतर मार्केटिंगच करायचं होतं. घराजवळच्या कॉलेजात (नाव घेत नाही) मार्केटिंगचा कोर्स होता, तो घेतला. डिग्रीचं नाव ए.ए.एस., म्हणजे असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स. आम्ही बापलेक दोघांनीही त्या मधल्या 'अप्लाइड'कडे लक्ष दिलं नाही. समुपदेशकांनी, तिला पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जायचंय हे ऐकूनसुद्धा, त्यावर चकार शब्द काढला नाही. दोन वर्षांनी बदलीचा अर्ज केला तेव्हा कळलं की न्यू जर्सीत ए.ए. (असोसिएट ऑफ आर्ट्स) किंवा ए.एस. (असोसिएट ऑफ सायन्स) असेल तर सरकारी विद्यापीठांनी त्याचे ६० पर्यंत क्रेडिट धरायचे असा करार आहे, ए.ए.एस.ला तो लागू नाही. तिचे २२ क्रेडिट गेले. अगदी 'गेले' असंही नाही, 'फ्री इलेक्टिव्ह' म्हणून कोपऱ्यात पडले, पण मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, उपयोग शून्य. रिटेलिंगचा कोर्स, व्हिज्युअल मर्चंडायझिंगचा कोर्स, सगळे. एक वर्ष जादा लागलं आणि ते वर्ष विद्यापीठाच्या दराने.

तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीने ए.एस. इन बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन केलं होतं. ती दोन वर्षांत बाहेर पडली, मेजर मार्केटिंगच.

मार्केटिंग शिकायचं असेल तर पहिली दोन वर्षं डिग्रीवर मार्केटिंग लिहिलेलं नसलेलं बरं, असं आमच्या घरात आता विनोदाने म्हणतात. तेव्हा हसू आलं नव्हतं.


तळेगावकर

एडिसनकर, अगदी हेच. आमच्या चिरंजीवांना एका खासगी विद्यापीठाने घेतलं होतं, नुसती ट्यूशन वर्षाला साठ हजारांच्या पुढे. आम्ही डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात घातला. तिथे क्वार्टर पद्धत (छोटी सत्रं, छोटे युनिट), युनिटला ३१ डॉलर, ९० क्वार्टर युनिट म्हणजे २,७९०. त्यातही पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ मुलांना बहुतेक ठिकाणी दोन वर्षं ही फी माफ असते. 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर' नावाचा प्रकार आहे, तो बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये करतोय, नंतर सॅन होजे स्टेट. सी.एस.यू.ची (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, सॅन होजे स्टेट तिचाच भाग) ट्यूशन २०२५-२६ साठी वर्षाला ६,४५०, कॅम्पसची फी वेगळी. कुठला विषय कुठे धरला जातो ते असिस्ट डॉट ऑर्गवर आधीच दिसतं. आम्ही जेवणाच्या टेबलावर तेच उघडून बसतो, लोक टीव्ही बघतात.

नातेवाईकांना 'कम्युनिटी कॉलेज' सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होतात. मेव्हण्यांना आयटीआय वाटलं.


सायली_फ्रीमाँट

बापरे, एडिसनकर, हे मला माहीतच नव्हतं. मी ज्या कॉलेजाचं बघतेय तिथे मार्केटिंगचं ए.एस. आहे, पण ते 'ट्रान्स्फर'वालं नाही, तिथलंच. आता नीट वाचलं.

बेरकी, हबस्पॉटचं एक केलंय मी. त्या ३७ पैकी शेवटच्या ११ अर्जांत ते लावलेलं आहे.


बेरकी_बोका

मग बाकीची चार करा :)


दुपारचा_चहा | बुधवार, दुपारी १:०५

मी शिकागोत एका मध्यम आकाराच्या कंपनीत मार्केटिंगमध्ये आहे आणि गेली सहा वर्षं कोऑर्डिनेटर पातळीवरची माणसं घेते. म्हणजे ज्या जागेला सायली अर्ज करतेय त्या टेबलाच्या पलीकडे मी बसते. तेव्हा थोडं सविस्तर.

पहिली गोष्ट. आमच्या अर्जात एक चौकट असते: बॅचलर डिग्री आहे का, हो किंवा नाही. 'नाही' असेल तर तो अर्ज माझ्यापर्यंत येतच नाही, मशीनच बाजूला काढतं. सायली, तू त्या चौकटीत काय लिहितेस? तुझ्याकडे बी.कॉम. आहे. तिचं इथलं मूल्यमापन करून घेतलंयस का? वेस किंवा परदेशी पदव्या तपासणारी तशी दुसरी संस्था? भारतातली तीन वर्षांची पदवी काही वेळा इथल्या बॅचलरच्या तोडीची धरतात, काही वेळा तीन वर्षांचं पदवीपूर्व शिक्षण म्हणतात. कॉलेजचं नॅक मानांकन, तुझा क्लास, संस्था कोणती, यावर ते ठरतं. ते कागद हातात आल्याशिवाय पुढचं काही ठरवू नकोस. बॅचलर निघाली, तर असोसिएट करणं म्हणजे एम.ए. झालेल्या माणसाने पुन्हा बारावीला बसण्यासारखं होईल.

दुसरी. रेझ्युमेत सगळ्यात वर 'असोसिएट डिग्री, २०२८' आणि खाली बारीक अक्षरात '२००५, पुणे' असं दिसलं, तर मी घाईत वाचताना काय समजेन? दोन वर्षांची डिग्री झालेली बाई. तू स्वतःच स्वतःला एक पायरी खाली उतरवलंस.

तिसरी. त्या सहा वर्षांबद्दल काय लिहिलंयस? 'सेल्स एक्झिक्युटिव्ह, मसाला कंपनी'? इथे कुणालाही त्यातून काही कळत नाही. किती दुकानं होती पट्ट्यात? किती स्टॉकिस्ट? एखादी स्कीम चालली तर विक्री किती वाढली? मी तुझ्या जागी असते तर ते 'चॅनल मार्केटिंग' म्हणून आकड्यांसकट लिहिलं असतं. खोटं नाही, तेच काम, इथल्या लोकांना ओळखीच्या शब्दांत.

बेरकी, सर्टिफिकेटांबद्दल: माझ्याकडे शंभर अर्ज आले तर ऐंशींत ती असतात. बटणं कुठे आहेत हे माहीत असल्याचा पुरावा, तेवढाच. ज्याच्याकडे नाही त्याचं नुकसान, आहे त्याचा फायदा नाही.


सायली_फ्रीमाँट

चहा, तुमची पोस्ट तीनदा वाचली. त्या चौकटीत मी 'नाही' लिहीत होते. मला वाटायचं इथली डिग्री विचारतायत. ३७ ठिकाणी 'नाही' लिहिलंय.

थोडा वेळ काही सुचलंच नाही. भांडी घासून आले.


गुलबकावली

अगं सायली 🙁 मीपण 'नाही'च लिहिते!!


आकडेमोड_काका | बुधवार, रात्री ९:३०

चहाताईंनी मुळावरच बोट ठेवलं. मी आपला हिशेब मांडतो, सवय जात नाही.

फी २,७६० हा सगळ्यात छोटा आकडा आहे. कॅलिफोर्नियात एका सेमिस्टर युनिटमागे वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून किमान ४८ तास धरतात. साठ युनिटचे झाले २,८८० तास. इथलं किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १६.९०. म्हणजे दुसरं काहीही न करता नुसतं दुकानात उभं राहिलं असतं, तरी त्या तासांचे ४८,६७२ डॉलर झाले असते. डिग्रीची खरी किंमत ही. 'स्वस्त' शिक्षण फी धरून पन्नास हजारांच्या वर जातं, फक्त त्यातले जवळजवळ एकोणपन्नास खिशातून जाताना दिसत नाहीत.

मिळकतीची बाजू. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे २०२३ चे आकडे, पंचविशीपुढच्या पूर्णवेळ नोकरदारांचे, आठवड्याला मध्यम कमाई: शाळा संपवलेले ८९९, असोसिएट १,०५८, बॅचलर १,४९३. असोसिएट आणि बॅचलरमधलं अंतर ४३५ डॉलर, वर्षाचे २२,६२०. हे सगळ्या विषयांचं मिळून आहे, आणि असोसिएटच्या त्या आकड्यात नर्स, डेंटल हायजिनिस्टसारखी मंडळीही येतात, ज्यांना दोन वर्षांच्या डिग्रीवर परवान्याची परीक्षा देता येते. मार्केटिंगला परवाना बिरवाना काही नाही. हाच विभाग मार्केटिंग मॅनेजरची मध्यम कमाई वर्षाला दीड लाखाच्या वर दाखवतो. कॉलेजांच्या माहितीपत्रकात तो आकडा ठळक छापतात. त्याच पानावर शिक्षणाच्या रकान्यात 'बॅचलर' लिहिलेलं असतं, आणि वर काही वर्षांचा अनुभव, ते मात्र छापत नाहीत.

टॅक्सची सवलत म्हणाल तर 'लाइफटाइम लर्निंग क्रेडिट' एका विषयालाही मिळतं, फीच्या २० टक्के. पण नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न १,८०,००० झालं की शून्य. बे एरियात बऱ्याच घरांचं शून्यच. पेल ग्रँट वगैरे केंद्र सरकारची शिक्षणमदत एच-फोरला नाही, त्याला साधारणपणे किमान ग्रीन कार्ड लागतं. एक मात्र चांगलं आहे: शिकायला एफ-वन (विद्यार्थी व्हिसा) घ्यायची गरज नाही, आणि कॅलिफोर्नियात वर्षाहून जास्त राहिल्याचे कागद दाखवले तर एच-फोरलाही रहिवाशाचाच दर लागतो.

तळेगावकर, चिरंजीवांसाठी एक कडू गोळी. कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्या दर शंभरातले साधारण एक तृतीयांशच पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जातात, आणि सहा वर्षांत बॅचलर पुरी करणारे सोळा. तुमचा असिस्टवाला टेबल सोडू नका.


तळेगावकर

सोळा?? बायकोला दाखवणार नाही.


प्राजक्त_सडा | गुरुवार, सकाळी ६:५०

उशिरा आले धाग्यावर. मी हे केलंय. सॅन होजेच्या बाजूला, ४४ व्या वर्षी, औरंगाबादची बी.एस्सी., मध्ये बारा वर्षांचा खंड. आणि डिग्री मी पुरी केली नाही, मुद्दामच.

संध्याकाळचा वर्ग, साडेसहा ते साडेनऊ. पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर तीन मुलं चपापून गप्प झाली, त्यांना मीच प्राध्यापक वाटले. विषय: मार्केटिंगची मूलतत्त्वं. पुस्तक ऑनलाइन फुकट होतं, म्हणजे शंभर-दीडशे डॉलर वाचले. पण मला त्या वर्गातून जे मिळालं ते पुस्तकात नव्हतं.

गटाने एका खऱ्या धंद्याचं काम करायचं होतं. आमच्या गटात एक व्हिएतनामी मुलगी होती, तिच्या मावशीची स्टोरी रोडवर बेकरी, बान मी सँडविचची. मावशीचं म्हणणं, तरुण पोरं कॉफीला येतात, इन्स्टाग्रामवर कॉफीचे फोटो टाका. पोरांनी लगेच फोटो काढायला घेतले. मी म्हटलं, आधी दोन शनिवार दारात बसून मोजू या. (ही आपल्या आईची शिकवण, दूधवाल्याचा हिशेब कॅलेंडरवर.) पहाटे पाच ते दुपारी बारा, वहीत रेघोट्या. दर माणसामागे किती वाजता, काय, किती नग.

निघालं काय? आठच्या आत गल्ल्याचा मोठा भाग झालेला असायचा. गिऱ्हाईक म्हणजे बांधकामावर जाणारे मजूर, बहुतेक स्पॅनिश बोलणारे, आणि एकेक जण पाच-सहा सँडविच घेऊन जायचा, ट्रकमधल्या सगळ्यांसाठी. कॉफीवाली पोरं दहानंतर, दोघांत एक कप. मग आम्ही इन्स्टाग्राम सोडून एक हाताएवढं पत्रक केलं, स्पॅनिश आणि व्हिएतनामीत: आदल्या रात्री आठपर्यंत फोन करा, सहा घ्या, सकाळी पिशवी तयार, रांगेत उभं राहायला नको. खर्च ४० डॉलर छपाईचा. महिन्याने मावशींनी वर्गात सगळ्यांना सँडविच पाठवली, यावरून काय ते समजा.

ते पत्रक आणि वहीच्या पानाचा फोटो मी नंतर प्रत्येक मुलाखतीला नेला. एका ज्येष्ठ नागरिकांच्या निवासी केंद्रात नोकरी लागली, तासाला २७ वर. मुलाखतीत डिग्रीबद्दल अवाक्षर नाही, त्या वहीबद्दल वीस मिनिटं.

मी एकूण पाच विषय घेतले: मूलतत्त्वं, जाहिरात, व्यावसायिक लेखन, स्टॅटिस्टिक्स, डिजिटल मार्केटिंग. १५ युनिट, ६९० डॉलर. त्यातला डिजिटल मार्केटिंगचा पैसा वाया. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या वर्गात सर गुगल अ‍ॅनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीच्या स्लाइड दाखवत होते, जी १ जुलैलाच बंद पडली होती. कुणीतरी हात वर करून सांगितलं तर म्हणाले, कल्पना तीच आहे. कल्पना तीच असेल, स्क्रीन ती नव्हती. हा विषय बेरकी म्हणतात तसा घरीच शिकावा. पण बाकीचं? माझं इंग्रजी बरं होतं, तरी इथल्या माणसाला चार ओळींचा ईमेल कसा लिहायचा ते त्या लेखनाच्या वर्गात समजलं. मी आधी 'रिस्पेक्टेड सर' पासून सुरू करायचे.

सायली, डिग्री नको. वर्ग हवा.


बेरकी_बोका

टोपी काढली. बान मीची गोष्ट वाचून भूक लागली.

फक्त एक भर घालतो, पैसे वाचवायची. मूलतत्त्वांच्या विषयाची 'क्लेप' परीक्षा असते, पास झालात तर बऱ्याच कॉलेजांत तीन क्रेडिट मिळतात, वर्गात न बसता. मॉडर्न स्टेट्स नावाची संस्था त्याचा कोर्स फुकट देते आणि परीक्षेचं व्हाउचरही.


प्राजक्त_सडा

हो पण मग बेकरी नाही मिळणार ना!


पंचगंगाकाठ | गुरुवार, रात्री ८:२०, कोल्हापूर

थोडं अवांतर, राग नसावा. पुतण्या यंदा बारावी कॉमर्स झाला. इथला एक एजंट सांगतोय, अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात मार्केटिंगला प्रवेश घ्या, दोन अधिक दोन, खर्च निम्मा, नंतर तिथेच नोकरी. त्याचे वडील जमीन विकायला तयार आहेत. बरोबर आहे का हे?


आकडेमोड_काका

जमीन विकू नका. आधी हे वाचा.

तो ४६ डॉलरचा दर इथल्या रहिवाशांचा. एफ-वनवर येणाऱ्याला त्याच वर्गातल्या त्याच खुर्चीचे युनिटला काही शे डॉलर पडतात. विद्यापीठापेक्षा पहिली दोन वर्षं स्वस्त पडतात हे खरं, पण राहणं-खाणं तेवढंच, आणि पुढची दोन वर्षं पूर्ण परदेशी दराने. पहिल्या शैक्षणिक वर्षात कॅम्पसबाहेर काम करता येत नाही. कॅम्पसवर करायचं तर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास. असोसिएटनंतर ओपीटी (शिक्षण झाल्यावर काम करायची तात्पुरती परवानगी) एक वर्षाची मिळू शकते, पण पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाला किमान बॅचलर किंवा तिच्या तोडीचं काहीतरी लागतं. म्हणजे एजंटाच्या 'नंतर तिथेच नोकरी'ला नुसत्या दोन वर्षांच्या डिग्रीवर पायाच नाही.

मी मामा असतो तर मुलाला कोल्हापुरातच बी.कॉम. करायला सांगितलं असतं आणि दुपारी एखाद्या स्टॉकिस्टकडे बसवला असता. सायलीताई ओळखीने लावून देतील :)


सायली_फ्रीमाँट

शाहूपुरीतले दोन-तीन अजून दिवाळीला मेसेज करतात. खरंच हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


पंचगंगाकाठ

आभारी आहे. भावाला वाचून दाखवलं. एजंटला उद्या पुन्हा भेटायचं होतं, जात नाही म्हणाला. पुढचं पुढे.


काजूकतली

एआय आल्यावर मार्केटिंगमध्ये शिकण्यासारखं काय उरलंय? पत्रक तर दोन मिनिटांत बनतं.


दुपारचा_चहा

पत्रक बनतं. पहाटे पाचला दारात बसून कोण मोजणार? आमच्याकडे आता लिहिणारे कमी लागतात हे खरं आहे, नवख्यांच्या जागा त्यामुळे आटल्यात हेही खरं. म्हणूनच मी ज्याने कधीतरी गिऱ्हाइकाशी समोरासमोर बोललंय त्याचा अर्ज आधी उघडते. यावर वेगळा धागा काढा, इथे नको.


सायली_फ्रीमाँट | पाच आठवड्यांनंतर, रविवार

कुणी विचारत नव्हतं तरी कळवते, कारण धागे असे अर्धवट सोडून जाणाऱ्यांचा मला फार राग येतो.

भावाने पुण्यात ट्रान्सक्रिप्टचं काम केलं. मूल्यमापन आलं. माझी बी.कॉम. इथल्या बॅचलरच्या तोडीची धरली. कागद पीडीएफमध्ये आला तेव्हा मी ट्रेडर जोज या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये होते. गाडीत बसून पहिल्या पानावरची ती एक ओळ वाचली आणि नवऱ्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, मला तर आधीपासून माहीत होतं तू ग्रॅज्युएट आहेस. पुरुषांना काही सांगण्यात अर्थ नाही.

चहाताईंनी सांगितल्याप्रमाणे रेझ्युमे फाडून नव्याने लिहिला. जुन्या डायऱ्या आईने माळ्यावरून काढून फोटो पाठवले: ४१० दुकानं, ९ स्टॉकिस्ट. इथल्या मंडळाच्या गणपतीचे प्रायोजक मी दोन वर्षांत १४ वरून २३ केले होते, तेही घातलं. 'वर्गशिक्षिका, मराठी शाळा' काढायला लागले तर चहाताईंनी व्यनिमध्ये ओरडून ठेवायला लावलं. नव्याने ६ अर्ज केले. दोन फोन आले, एक मुलाखत झाली, नोकरी नाही मिळाली. मुलाखतबाई म्हणाल्या, इथल्या गिऱ्हाइकाचा अनुभव कमी पडतो. बरोबरच आहे त्यांचं.

म्हणून फॉलला (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सत्राला) दोनच विषय घेतेय, मूलतत्त्वं आणि व्यावसायिक लेखन. ६ युनिट, २७६ डॉलर. मंगळवार-गुरुवार संध्याकाळ, नवरा त्या दिवशी लवकर येणार, त्यामुळे आफ्टरस्कूल वाढवायची गरज नाही. अर्जात 'ध्येय काय' विचारतात, तिथे डिग्री नाही, सर्टिफिकेट लिहिलंय. प्रोफेसर कोण हे प्राजक्तने बघायला सांगितलं होतं: ज्यांच्या वर्गात गटाने खऱ्या दुकानाचं काम असतं ते. अभ्यासक्रमाचा कागद मागवून घेतला, आहे.

ईएडीची धाकधूक आहेच. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाला आपोआप मुदतवाढ मिळत नाही, माझं पुढच्या वर्षी संपतंय. नोकरी लागली तरी मध्ये खंड पडू शकतो. विषय मात्र कुणी काढून घेत नाही, वर्गात बसायला ईएडी लागत नाही.

सासूबाईंना सांगितलं, परत कॉलेजात जातेय. म्हणाल्या, डबा नेणार का?


गुलबकावली

सायली!!! मीही कागद मागवलेत. औरंगाबादला कुणाची ओळख आहे का, ट्रान्सक्रिप्टसाठी?


प्राजक्त_सडा

@गुलबकावली, व्यनि केलाय.

सायली, पहिल्या रांगेत बसू नकोस, गट पाडताना मागची मुलं मागच्यांबरोबरच जातात आणि स्वतःचा धंदा असलेल्या घरांतली सगळी मागे बसतात. मधली रांग पकड.


सायली_फ्रीमाँट

:D मधली रांग. लिहून ठेवलं.

जाता जाता एक मदत हवी आहे. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ आधीच लावलाय: ज्याचं पाकीट वर्षानुवर्षांत बदलत गेलं अशी एक वस्तू निवडा आणि का बदललं ते लिहा. मी कांदा-लसूण मसाला घेतेय. कुणाकडे १९९०च्या आसपासचं जुनं पाकीट किंवा डबा आहे का, कुठल्याही कंपनीचा? फोटो चालेल.


एडिसनकर

आमच्या हिच्याकडे सासूबाईंनी दिलेला एक पत्र्याचा डबा आहे, त्यात आता सुईदोरे असतात. झाकणावरचं अर्धं उडालंय. संध्याकाळी फोटो टाकतो.